डॉक्टरांच्या खिशावरची वाक्यं

४ जून

दादा,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून मेल. तुला न वाचल्याचं नाटक करायला हे जास्त सोयीचं.

विसरला असशील तर ओळख देते. मी वात्रट. तुझी चुलत बहीण, बारावीला दोनदा आपटलेली आणि आता तुझ्या वडिलांच्या भरतकामाच्या कारखान्यात मशीन पुसणारी, दोरे ओवणारी आणि शिव्या खाणारी. तू घर सोडून गेलास आणि तुझी शिव्यांची जागा मला मिळाली. त्याबद्दल आभार.

आता कामाचं. मोठ्या दवाखान्याचं काम आलंय. सगळ्या डॉक्टरांचे आणि नर्सचे पांढरे कोट, प्रत्येकाच्या खिशावर नाव. तू गेल्यापासून काका एकेक अक्षर मशीनच्या त्या चिमुकल्या बटणांवर अंगठ्याने दाबत बसतात. एका नावाला चहा थंड होतो. तुझ्या स्क्रिप्ट, म्हणजे नावांचे आपोआप टाके बनवणारे तुझे छोटे प्रोग्राम, जुन्या कॉम्प्युटरवर तशाच पडून आहेत, पण त्या काळ्या खिडकीत टाइप करून चालवायच्या म्हटलं की काका म्हणतात, "त्या अंधारात मी हात घालणार नाही."

मग मी प्रोग्राम केला. हसू नकोस. व्हिडिओ बघून बघून केला. एक छानशी खिडकी, डावीकडे नावांची यादी, खाली भलंमोठं बटण. बटण दाबलं की आतल्या आत तुझी स्क्रिप्ट चालणार आणि ती जे बोलेल ते उजवीकडच्या पांढऱ्या चौकोनात दिसणार. म्हणजे दिसायला हवं. सध्या चौकोन कोरा करकरीत.

आणि हे नीट वाच. काल जेवताना काका म्हणाले, "हे काम धड पार पडलं तर मीच त्याला फोन करीन." काकूच्या हातातला डाव तसाच राहिला. मी लगेच म्हटलं, "साक्षीदार दोन आहेत हं." म्हणाले, "गप जेव, कार्टे."

तेव्हा सांग, चौकोन कोरा का?

तुझी,
वात्रट

९ जून

वात्रट,

तू मशीन मोडशील म्हणून उत्तर देतोय. फोनबिनसाठी नाही.

चौकोन कोरा आहे कारण तू स्क्रिप्ट सुरू करतेस आणि तिचं बोलून व्हायच्या आत पुढे निघून जातेस. ती संपेपर्यंत थांबायचं असतं. त्या घरात कुणालाच समोरच्याचं संपेपर्यंत थांबायची सवय नाही, त्यामुळे तुझाही दोष नाही.

स्क्रिप्ट दोन आहेत. पहिली यादी साफ करते. जास्तीची मोकळी जागा काढते, नाव खिशात मावतंय का बघते आणि एका ओळीवर एक नाव असं बाहेर टाकते. तेवढं पकड आणि दुसरीच्या हातात दे. दुसरी डोकं चालवत नाही, मिळेल त्या प्रत्येक ओळीचे टाके बनवते.

आता लक्ष दे. स्क्रिप्टला बोलायच्या दोन वाटा असतात. एकीतून काम बाहेर येतं, दुसरीतून तक्रार. काळ्या खिडकीत दोन्ही एकत्रच दिसतात म्हणून एकच वाटतात, पण आतून त्या वेगळ्या आहेत. तू पहिली वाट पकड. दुसरीला हात लावू नकोस. यादीत काही चुकलं तर स्क्रिप्ट संपताना एक आकडा परत देते. शून्य असेल तर ठीक, दुसरं काही असेल तर चौकोनात फक्त 'यादी तपासा' दाखव आणि पुढचं थांबव.

दुसऱ्या वाटेने काय येतं ते बघायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

बाबा काय म्हणाले ते मला कळवायची गरज नव्हती. मी काही वाट बघत बसलेलो नाही. विचारलंच तर सांग, नंबर तोच आहे.

दादा

१४ जून

दादा!

चाललं! बटण दाबलं, थांबले आणि चौकोनात नावं अशी खाली उतरली जशी शाळेच्या रांगेत पोरं. काका बटण दाबतात तेव्हा बघायला हवं होतंस. आधी चष्मा पुसतात, मग हात पॅन्टला पुसतात, मग एक बोट लांबून आणून हळूच टेकवतात, जशी काही बटणाला गुदगुल्या होतील. आणि मग मागे सरकून उभे राहतात.

दुसऱ्या वाटेला मी गेलेसुद्धा नाही. शप्पथ.

आता खरी बातमी. मशीन चालू असताना काका माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "डोकं होतं पोराला." मला नाही, मशीनला म्हणाले. पण मी तिथेच होते. आणि संध्याकाळी तुझा नंबर मागितला. मी म्हटलं, आधीचाच आहे. तर म्हणतात, "तरी सांग." सांगितला. पाठ असल्यासारखा माझ्याआधी शेवटचे आकडे स्वतःच म्हणाले.

कोट सोमवारी जातायत. फोन हाताशी ठेव.

वात्रट

२१ जून

दादा,

तू माणूस आहेस की कोण आहेस?

फोन येणार नाही. आता कधीच येणार नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

दवाखान्यातले सगळ्यात मोठे सर्जन नवा कोट घालून पेशंट बघायला निघाले. मागे शिकाऊ डॉक्टरांची वरात. पहिल्याच खाटेवरच्या पेशंटने खिशावरचं वाचलं आणि विचारलं, "डॉक्टर, काल माझं ऑपरेशन तुम्हीच केलंत ना?" खिशावर निळ्या दोऱ्यात, सुबक, ठसठशीत: हात आहेत की फावडी?

मुख्य नर्सच्या खिशावर: जेवायला मात्र वेळेवर हजर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या खिशावर: डोळे काय खुंटीला टांगलेस? आणि एका बिचाऱ्या नव्या पोराच्या, ज्याला आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर म्हणून कोट मिळाला होता: तुझ्यापेक्षा शेजारचं पोर बरं. आणखीही आहेत. इतरांच्या खिशावर नावं आहेत, पण घसरलेली. एकाचं दुसऱ्याच्या कोटावर.

दवाखान्याच्या स्टोअरच्या बाई स्वतः गठ्ठा घेऊन आल्या आणि त्यांनी तो टेबलावर आपटला. "आमच्या लोकांनी तुमचं काय घोडं मारलंय?" काम गेलं. पुढचंही गेलं.

हो, मी दोन्ही वाटा एकत्र पकडल्या. तू नको म्हणालास म्हणूनच पकडल्या, मला ओळखत नाहीस का तू? चाचणीच्या वेळी चौकोनात एक आलं, 'एवढंसुद्धा जमत नाही?', आणि मी हसून हसून लोळले. वाटलं दादाने स्वतःची गंमत केलीय. खिशात न मावणारं नाव आलं की तेवढ्यापुरतं दिसेल, मजा येईल. ते नावांच्या ओळींत मिसळून दुसऱ्या स्क्रिप्टकडे जाईल आणि ती मूर्ख बाई त्याचे टाके घालेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आकड्याचं तर मी काही केलंच नव्हतं. माझं चुकलं. आणि काकू कोट उलटे धरून टाक्यांमागचा आधाराचा कागद फाडते, दोरे कापते, घडी घालते, त्यामुळे समोरची बाजू कुणी बघितलीच नाही.

पण दादा, मी फक्त नळ चुकीचा जोडला. घाण कुणी भरून ठेवली होती?

काकांनी एकेक कोट उचलून वाचला. मोठ्याने. मग म्हणाले, "माझ्या घरात बसून, माझं खाऊन, मलाच शिव्या लिहून ठेवल्या त्याने. रोज मी मागे उभा असायचो आणि हा हे लिहीत होता." चष्मा काढून खिशात ठेवला. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "त्याची वकिली करशील तर तूही चालती हो."

वडील आहेत रे ते तुझे. कडक असतील, खडूस असतील, पण वडिलांबद्दल असं कोण लिहितं? शेजारचं पोर बरं? म्हणजे काय? तुला शेजारचे काका वडील म्हणून हवे होते?

उत्तर देऊ नकोस.

२२ जून

उत्तर देणार.

तुला एकच गोष्ट करू नको सांगितली होती. एकच. तू शप्पथ घेऊन खोटं बोललीस आणि आता मला विचारतेस मी माणूस आहे का.

डोकं शांत ठेवून ती वाक्यं परत वाच. 'तुझ्यापेक्षा शेजारचं पोर बरं.' हे कोण कुणाला म्हणतं? मुलगा बापाला म्हणतो?

त्यातलं एकही वाक्य माझं नाही.

'हात आहेत की फावडी', मी पहिल्यांदा फ्रेमला कापड ताणलं तेव्हा. नंतर रोजच. 'डोळे काय खुंटीला टांगलेस', मी निळ्याऐवजी काळा दोरा ओवला तेव्हा, गिऱ्हाइकासमोर. गिऱ्हाईक हसलं म्हणून मग ते नेहमीचंच झालं, हसवायला. 'जेवायला मात्र वेळेवर हजर', ताटावर. आईने भाकरी वाढायला हात पुढे केला की बरोबर तेव्हा. 'शेजारचं पोर बरं', ते पोर परीक्षेत पहिलं आलं तेव्हा, आणि ते नापास झालं तेव्हासुद्धा!

तुला वाटतं मी शिव्या लिहीत होतो. मी स्क्रिप्ट लिहीत होतो. चूक झाली की स्क्रिप्टने काहीतरी बोलायला हवं. चूक झाली की काय बोलतात, ते मला एकाच माणसाने शिकवलं होतं. दुसरी भाषाच येत नव्हती. ते मागे उभे राहून बोलायचे आणि मी तेच तिथल्या तिथे टाइप करायचो, आणि त्यांना वाटायचं पोरगं काम करतंय.

खरं सांगू? एकदा ते लिहून टाकलं की ते मशीनचं व्हायचं. मग ते मला लागायचं नाही. कमी लागायचं.

म्हणून तुला म्हटलं होतं दुसऱ्या वाटेला जाऊ नकोस. त्यांना वाचवत होतो मी, अक्कलशून्य मुली. त्यांना. आणि हो, नंबर तोच आहे असं लिहिलं तेव्हा वाट बघत होतो. आता नाही.

हा मेल त्यांना दाखवायचाय तर दाखव. मला काही फरक पडत नाही.

२६ जून

दादा,

दाखवला नाही. वाचून दाखवला. मोठ्याने, मशीन बंद करून, सगळ्यांसमोर. म्हणजे काका आणि काकू. 'अक्कलशून्य मुली' पण वाचलं, गाळलं नाही.

काका कोट उसवत बसले होते. ते कोट आता कुणालाच नकोयत तरी स्वतःच बसलेत, मला हात लावू देत नाहीत. टाका टाका उचलून कापतात, दोरा ओढतात, आणि खाली तेच वाक्य भोकांचं उरतं. इस्त्री केली तरी जात नाही. उजेडासमोर धरलं की वाचता येतं.

मी वाचत होते तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. संपल्यावर म्हणाले, "सगळेच बाप बोलतात." मी म्हटलं, "माझा नाही बोलत." म्हणाले, "म्हणून तू अशी निघालीस." मला इतका राग आला की मी म्हटलं, "हे पण टाकू का स्क्रिप्टमध्ये? जागा आहे अजून!"

वाटलं आता कोट माझ्या तोंडावर येणार. तर उठले, कॉम्प्युटरसमोर बसले. यादीत मुद्दाम लांबलचक नाव टाकलं आणि बटण दाबलं. लांबून नाही, गुदगुल्या नाहीत, ठोसा मारल्यासारखं. चौकोनात आलं: एवढंसुद्धा जमत नाही? परत दुसरं काहीतरी चुकीचं टाकलं, दाबलं. हात आहेत की फावडी? परत. परत. दादा, साठीचा माणूस कॉम्प्युटरकडून ओरडून घेत बसला होता आणि प्रत्येक वेळी "हं" म्हणत होता. "हं. हे माझं." "हे पण माझं." भांडणात समोरच्याला बोलू देतात ना, तसं. मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

मग त्यांनी सगळी यादीच पुसून टाकली आणि कोऱ्या यादीवर बटण दाबलं.

तुला माहितीये काय आलं. मला माहीत नव्हतं. 'तू झाला नसतास तरी चाललं असतं.'

काका खुर्चीतून उठलेच. "हे मी बोललेलो नाही. हे याने घुसडलंय. बाकी सगळं माझ्या तोंडचं आहे, नाही कुठं म्हणतोय. पण असं मी पोटच्या पोराला बोलणार नाही. खोटारडा आहे तो." काकूकडे बघितलं. काकू गठ्ठा उचलून आत निघून गेली.

तेव्हापासून एकच चाललंय. ते वाक्य काढून टाक. मी म्हणते नाही काढणार. ते म्हणतात मशीन माझं आहे. मी म्हणते प्रोग्राम माझा आहे. काल आम्ही दोघंही जेवलो नाही.

दादा, बाकीचं सगळं मानलं मी. तुझ्यावर ओरडले त्याबद्दल कान पकडते. पण हे एक तू रागात घातलंस का? घातलं असशील तर तेही समजेन. फक्त खरं सांग. कारण मी त्यांच्याशी तुझ्या बाजूने भांडतेय आणि मला कळायला हवं मी कशावर उभी आहे.

वात्रट

२७ जून

रागात घातलेलं नाही.

मोठं मशीन चालू होतं. लग्नाच्या हॉलचे पांढरे पडदे होते, फार महागाचं कापड. दोरा तुटला, मी मशीन न थांबवता ओवायला गेलो. सुई बोटातून आरपार गेली आणि आतच मोडली. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट. रक्त पडद्यावर पडलं.

बाबा धावत आले. त्यांनी पडदा उचलला. माझा हात नाही. पडदा. डाग किती पसरलाय ते बघितलं आणि तेव्हा ते म्हणाले. ओरडून नाही. इतर सगळी वाक्यं ओरडून होती. हे अगदी हळू, हिशेब सांगावा तसं.

आई तिथेच दोरे कापत होती. तिला विचार. तिने ऐकलं की नाही ते मला आजपर्यंत माहीत नाही, कारण तिने मान वर केली नव्हती.

दवाखान्यात मी एकटा गेलो. परत आल्यावर डाव्या हाताने टाइप केलं ते वाक्य. कुठल्या चुकीला लावायचं कळेना, कुठलीच चूक तेवढी मोठी वाटेना. म्हणून यादीत काहीच नसेल तिथे लावलं. कोरी यादी देऊन स्क्रिप्ट कोण चालवणार होतं?

त्याच आठवड्यात मी घर सोडलं. त्यांना वाटतं पडद्यावरून बोलणी खाल्ली म्हणून.

त्यांना म्हणावं खोटारडा मी नाही. वाक्य काढायचं तर काढा. मला पुन्हा लिहू नका, कुणीच.

३ जुलै

दादा,

लिहू नका म्हणालास तरी लिहितेय, माझं तुला माहीतच आहे. पण हे माझं पत्र नाही. काका सांगतायत, मी टाइप करतेय. त्यांना मी म्हटलं होतं, तुम्ही बोलाल ते सगळं येणार, नीट करून देणार नाही. म्हणाले, "बरं." त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

लिही. चि. दादास. नाही, दादास काय, मी काय त्याला दादा म्हणतो? नुसतं चि. लिही.

तुझं पत्र हिने वाचलं. मी पडदा उचलला हे खरं आहे. कापड गिऱ्हाइकाचं होतं. तू मशीन थांबवायला हवं होतंस. किती वेळा सांगितलं होतं की दोरा तुटला की आधी मशीन... थांब. हे नको लिहूस. लिहिलंस? कार्टे!

लिही. बाकी मला आठवत नाही. मी तसं बोलणारा माणूस नाही.

(काकू दारात आली. हातात कात्री. म्हणाली, "म्हणाला होतात."

काका: तू मध्ये पडू नकोस.

काकू: तेव्हा नाही पडले. पडायला हवं होतं. मी ऐकलं होतं. हळू म्हणालात, पण ऐकलं होतं. लिही गं, आईने ऐकलं होतं म्हणून. आणि लिही, आई पण काही बोलली नाही. तिने दोरे कापले.

लिहिलं, दादा. काकू तशीच उभी आहे. ओरडत नाहीये, पण तिला इतकी चिडलेली मी कधी बघितली नव्हती.)

लिही. बोललो असेन.

(काकू: असेन?)

खोड ते. लिही, बोललो.

(खोडलं नाही. दोन्ही आहे.)

बोललो. रागात बोललो असंही नाही, कारण तो म्हणतो मी ओरडलो नव्हतो. मग कशात बोललो ते मला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. माफी वगैरे मला जमत नाही, हिला लिहायला सांगू का? नाही, नको. हिने लिहिली तर तिची होईल.

ते वाक्य मी काढू देणार नाही आता. आणि त्याने परत यावं असं मी म्हणत नाही. मी असतो तर आलो नसतो.

झालं. पाठव.

(पाठवत होते दादा, बटणावर बोट होतं. काका मशीनपर्यंत गेले, चालू केलं, बंद केलं, परत आले. म्हणाले, "थांब. अजून एक लिही." मी थांबले. संपेपर्यंत.)

विचार त्याला, ते बोट आता पूर्ण वाकतं का.